मामाच्या पोटावरची सुई

आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी सुई लागते. माझे यजमान पलंगाच्या कडेला बसतात, म्हणजे मीच त्यांना बसवते, कारण त्या वेळी त्यांचं अंग लाकडासारखं कडक असतं. मी हात धुते, पोटावर कालची जागा सोडून नवी जागा शोधते, स्पिरिटच्या बोळ्याने पुसते, वाळेपर्यंत थांबते. मग बारीक सुई कातडीखाली सारायची आणि वरून पट्टी चिकटवायची. सुईला लांब नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला मशीन. लहान मोबाईलएवढं आहे. आत औषधाची सिरिंज बसवली की ते दिवसभर थेंब थेंब औषध कातडीखाली सोडत राहतं. जुन्या ब्लाउजच्या कापडाची पिशवी शिवून मी ते त्यांच्या कमरेला बांधते. झोपताना सगळं काढायचं आणि उठल्यावर परत लावायचं.

यांना कंपवात आहे. आधी गोळ्यांवर भागायचं. मग गोळीचा असर मध्येच उतरायला लागला. भाजी घेताना, जेवताना, संडासात, कुठेही पाय जमिनीला चिकटायचे. माणूस जागच्या जागी उभा, डोळे तेवढे हलतायत. तेव्हा डॉक्टरांनी हे मशीन सांगितलं. शिकवायला एक सिस्टर घरी आली. मी मशीनला हात लावत नाही हे बघून म्हणाली, "मावशी, घाबरू नका. तुम्हाला दोनच बटणं लागणार." एक चालू-बंद करायचं, दुसरं अडल्या वेळेला जास्तीचा डोस द्यायचं. चौथी शिकलेल्या बाईला तेवढं पुरलं.

मशीनमुळे त्यांचे पाय परत आले, हे खरं आहे. हे सुकापूरच्या नाक्यापर्यंत जाऊन कोलंबी घेऊन येतात, भावात घासाघीस करून येतात. भेटणारं प्रत्येक माणूस मला सांगतं, "आता बरं झालं की तुला. सगळं आपोआप होतं." मी मान हलवते. सिरिंज आपोआप भरत नाही. औषधाचा थेंब कपड्यावर पडला की थोड्या वेळाने हिरवा होतो, आणि तो डाग कशानेच निघत नाही. यांची सगळी बनियनं पोटापाशी हिरवी आहेत, शेवाळ धरल्यासारखी. जिथे जिथे सुई लागते तिथे कातडीखाली गाठी येतात. त्या रोज बोटांनी हलक्या हाताने चोळायच्या. "कोरड्याच चोळा," सिस्टरने बजावलं होतं. "तेल लावाल तर दुसऱ्या दिवशी पट्टी धरणार नाही. पट्टी सुटली की सुई सुटली." मला कंटाळा येतो. हे बोलून दाखवण्यासारखं नाही म्हणून बोलत नाही.

आम्हाला मूलबाळ नाही. यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी कॉलेजसाठी आमच्याकडे राहिली. तिचं गाव उरणच्या बाजूला, तिथून रोजचं येणं-जाणं जमणारं नव्हतं. तेव्हा हे टेम्पो चालवायचे. पहाटे टेम्पोतून तिला स्टँडवर सोडायचे आणि परीक्षेच्या दिवशी कॉलेजबाहेर टेम्पो लावून बसून राहायचे. लग्न ठरलं तेव्हा ती पेढे घेऊन आली आणि यांच्या पायाशी बसून म्हणाली, "मामा, बोहल्यावर मला तूच आणायचंस. धाकट्या मामाला पाठवलंस तर मी उठणारच नाय."

"आणीन गो," हे म्हणाले.

त्या दिवसापासून यांना दुसरं काही सुचेना. आमच्याकडे नवरीला मामानेच हात धरून अंतरपाटापर्यंत आणायचं असतं. घराच्या मागच्या खोलीतून मांडवात, एवढंच ते चालणं. तेवढंच हे आमच्या फ्लॅटच्या पॅसेजमध्ये रोज चालून बघायला लागले. मला नवरी करून हात धरायचे. मध्येच पाय अडकला की चिडायचे, मशीनला शिव्या द्यायचे. मी म्हणायचे, "अवो, होईल. औषध नीट गेलं की होईल." म्हणजे ते माझ्यावर आलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही नणंदेच्या गावी गेलो. आमच्यात हळद लग्नाहून मोठी. दारात बँजो, अंगणात सगळी आळी, बायका पिवळ्या साड्यांत. एके काळी बँजो लागला की पहिले हे उतरायचे. आता खुर्चीत बसून पायाने ताल धरत होते. औषधाने यांचं अंग कधीकधी आपोआप डुलतं, मान वळते. ते बघून एक म्हातारा ओरडला, "काय रे, दुपारीच लावलीस का?"

"लावली की, पोटाला," हे म्हणाले.

शर्टखालची पिशवी पोरींनी हेरलीच. "मामा, पोटात रेंज येते का?"

"तुझ्या सासूचा फोन आला तर सांगीन."

सगळे हसले. मलाही हसू आलं. पुष्कळ दिवसांनी यांची थट्टा ऐकली.

हळद आटोपल्यावर मी यांना आतल्या खोलीत आडवं केलं, मशीन काढलं आणि गाठी चोळायला बसले. तेवढ्यात नणंद आत आली. हातात हळदीची वाटी. मुलीच्या अंगाला लावून उरलेली हळद, तेलात कालवलेली. भावाचं पोट तिने असं उघडं कधी बघितलं नव्हतं. वाटी हातातच राहिली.

"अगो बाय, केवढ्या या गाठी! दादूस, दुखतंय?"

"नाय गो."

ती खालीच बसली आणि वाटीत बोटं बुडवली. "नवरीच्या अंगाची हळद हाय. सकाळपर्यंत बसतील गाठी, बघ."

मी म्हटलं, "तेल नको सांगितलंय, बाय." पण मी बोलते ते मलाच नीट ऐकू येत नाही. बाहेर बँजो चालू होता.

"वयनी, तुझं आपलं जिथं तिथं हॉस्पिटल. एक दिवस राहू दे की." आणि भावाकडे वळून, "लावू ना रे?"

"लाव," हे डोळे मिटून म्हणाले.

बहीण भावाच्या पोटावर हळद चोळत होती आणि रडत होती. मी उठून यांचा शर्ट घडी करत उभी राहिले. त्या दोघांच्या मध्ये हात घालणं मला जमण्यासारखं नव्हतं.

सकाळी साबणाने दोनदा धुतलं. स्पिरिटचे बोळे पिवळे होत राहिले, औषधांच्या पिशवीतले संपत आले. कातडी बोटाखाली सुळकन सरकत होती. त्यातल्या त्यात कोरडी जागा बघून सुई लावली आणि पट्टीवर आडव्या-उभ्या आणखी पट्ट्या मारल्या. मशीन सुरू केलं. हे उठले, चालले. शर्ट घातला, पांढरा, नवा. नणंदेने यांना फेटा बांधवला. मुहूर्त संध्याकाळचा होता. दिवसभर मी काही ना काही निमित्त काढून यांना बाजूला घेत होते, शर्ट वर करून बघत होते. बायका आपसांत म्हणाल्या, "हिला नवऱ्याशिवाय करमतच नाय." पट्टीची एक कड उचलली होती. मी ती दाबून बसवली. मांडवात पत्रे तापले होते, पंखे गरम वारा फेकत होते, आणि यांना घाम फार येतो.

मुहूर्त जवळ आला. नवरी मागच्या खोलीत, भोवती बायका. माईकवरून भटजींनी सांगितलं, "मामांनी मुलीला घेऊन यावं." हे मांडवातून निघाले, ओटी ओलांडली, माजघर ओलांडलं. मी मागून बघत होते. पावलं आखूड पडत होती. खोलीच्या उंबऱ्याशी आले आणि थांबले. भाचीने हात पुढे केला. यांनीही केला. पण पाय आले नाहीत.

"ये ना मामा," ती म्हणाली.

मी पुढून बघितलं. शर्टावर पोटापाशी ओलं झालं होतं, आणि त्या ओल्याची कड हिरवट दिसायला लागली होती. सुई कधीची सुटली होती कोण जाणे. मशीन आपलं काम करत होतं. थेंब थेंब औषध शर्टाला पाजत होतं.

"बायांनो, जरा बाहेर व्हा," असं मला म्हणायचं होतं. शेवटी मी त्या सगळ्यांसमोरच यांचा शर्ट वर केला. एवढ्या बायकांसमोर नवऱ्याचं पोट उघडं केलं. कुणी तोंडाला पदर लावला, कुणी वाकून बघितलं. पट्टी लोंबत होती, चिकटायची बाजू पिवळी आणि तेलकट.

नणंदेने ते बघितलं. तिला कळलं. ती म्हणाली, "वयनी, लवकर लाव गो. लवकर."

दोघींनी धरून यांना उंबऱ्यावरून उचलल्यासारखं आत आणलं, पेटीवर बसवलं. मी औषधांची पिशवी उपसली. शेवटचे बोळे काढले आणि मांडीवर, जिथे हळदीचा हात लागला नव्हता तिथे पुसलं. मांडीवरही चालतं असं सिस्टर म्हणाली होती, पण मी कधी लावलं नव्हतं. त्यासाठी पँट सोडायला लागली. बायका आता स्वतःच बाहेर गेल्या. नवी सुई, नवी नळी. सुई गेली, पट्टी बसली. मी जास्तीच्या डोसाचं बटण दाबलं. पण औषध चढायला वेळ लागतो, ते घाईने चढत नाही.

माईकवर पुन्हा, "मामा, मुहूर्त टळतोय." मग बँजोवाल्यांना थांबवल्याचा आवाज. नवरी माझ्या शेजारी शालू आवरून जमिनीवर बसली होती. म्हणाली, "थांबूया. मामा उठला की जाऊ."

"अगो, मुहूर्त काय तुझ्यासाठी थांबणार हाय?" नणंद म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. ती माझ्याकडे बघत होती. किती वेळ, हे तिला माझ्याकडून ऐकायचं होतं. मी मान हलवली. एवढ्यात नाही.

धाकटा दीर दारात आला. त्याच्या डोक्यालाही फेटा होता. आत यायला तो कचरत होता. "दादूस, काय करू? सगळी थांबलीत."

यांचा आवाज आजाराने बारीक झाला आहे, अंग आखडलं की आणखीनच बारीक होतो. दीर वाकला तेव्हा ऐकू आलं. "ने तिला."

"नाय मामा," भाची म्हणाली.

"ऊठ गो. लोकं ताटकळलीत." यांनी तिचा हात धरला. तो हात धाकट्याच्या हातात द्यायचा होता, तेवढंसुद्धा जमेना. मग मीच दोन्ही हात धरून जुळवले. ती उठली, यांच्या पायाला हात लावला, रडत होती. बाहेर बायका म्हणाल्या, आत्तापासूनच रडायला लागली. ती गेली, तिच्यामागे नणंदही.

खोलीत आम्ही दोघं राहिलो. लाऊडस्पीकर खिडकीच्या वरच होता, मंगलाष्टकं आमच्या डोक्यावर पडत होती. कुणीतरी जाता जाता यांच्या मुठीत अक्षता देऊन गेलं होतं. 'सावधान' आलं की हे मूठ उघडायचा प्रयत्न करायचे. पहिल्यांदा काही झालं नाही. नंतर बोटांतून चार दाणे मांडीवर पडले. मी त्यांच्या पायाशी बसून पट्टीवर तळहात दाबून धरला होता. उठले असते तर दारातून मांडव दिसला असता. उठले नाही. मला एवढंच वाटत होतं की आता काही सुटू नये.

टाळ्या वाजल्या, बँजो लागला. थोड्या वेळाने यांच्या पायाची बोटं हलली. मग घोटा. मी ओळखते ते, आधी उजवा पाय येतो.

"चल," हे म्हणाले.

"बसा जरा."

"चल म्हणतो ना."

मी पँट नीट केली, शर्ट खोचून हिरवा डाग झाकता येतो का बघितलं. नाही आला. खुर्चीवर पडलेला टॉवेल त्यांच्या खांद्यावरून पुढे सोडला. हे उंबऱ्यावरून एका दमात गेले. माजघर, ओटी, मांडव. कुठेही अडखळले नाहीत. इतके चांगले चालले की मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही.

मांडवात आहेर द्यायला लोकांची रांग लागली होती. हे रांगेत जाऊन उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, "हा बघा, आता उतरली याची." कुणीतरी त्याला गप्प केलं. नणंद दुरून बघत होती, जवळ आली नाही. भाचीने स्टेजवरून बघितलं आणि फोटोवाल्याला तसंच सोडून, शालू उचलून खाली उतरली.

"उशीर झाला गो," हे म्हणाले.

ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. तिने यांचा हात धरला होता आणि दोघं पायऱ्या चढत होते, तीच यांना नेत होती की हे तिला, मला सांगता येणार नाही. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मी यांच्या पँटकडे बघत होते, मांडीवर कुठे ओलं दिसतंय का ते. नव्हतं दिसत. पट्टी धरून होती.

मग मी जेवायला गेले. पंगत उठत आली होती. वाढणाऱ्याने विचारलं, "मामी, तुमी एकट्याच?" मी हो म्हटलं आणि बसले.