ज्याचा फायदा, त्यानं उलट बोलायचं

सरदार मेला, तर त्यानं मरण्याआधी दिलेला हुकूम चालू राहतो की नाही?

हा प्रश्न मी तीन वर्षं विचारतोय. पुस्तकात एका पानावर 'हो' आहे, दुसऱ्यावर 'नाही'. माझ्या मोठ्या भावानं, नितीनदादानं, शेवटी खेळ बनवणाऱ्या परदेशी कंपनीला मेल टाकला. उत्तर आलं, "आमच्या खेळात रस दाखवल्याबद्दल धन्यवाद!"

हा खेळ म्हणजे टेबलावरची लढाई. अंगठ्याएवढे शिपाई आणायचे, बारीक ब्रशनं रंगवायचे, टेपनं मोजून पुढे सरकवायचे आणि फासे टाकून मारायचे. दर रविवारी, निर्मळ गावात, मेल्विनच्या पडवीत. आम्ही चौघं: दादा, मी, केळीची वाडी करणारा मेल्विन आणि विरारच्या शाळेत गणित शिकवणारी स्वप्नाताई. नियम अडकला की किस्सा होतो, आणि ह्या खेळात नियम सोडून दुसरं काही नाहीच. मग किस्से साठणारच!

श्रावणात दादाला कावीळ झाली आणि तो गेला. त्याचा आणि मेल्विनचा डाव अर्धाच राहिला. मेल्विननं तो तसाच ठेवला, वर मच्छरदाणी टाकून. दादानं मेल्विनला आजवर एकदाही हरवलं नव्हतं. "हा डाव दादासाठी मी जिंकणार!" असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलो.

*

सुरुवातीला भांडणं फार व्हायची. तोफेचा गोळा झाडातून जातो की नाही, ह्यावरून दादा आणि मेल्विन दोन आठवडे बोलले नाहीत. मग दादानं कायदा काढला. नियमाचे दोन अर्थ निघाले, तर ज्याचा फायदा आहे त्यानं उलट बाजू मांडायची. समोरच्यानं त्याची बाजू घ्यायची. उरलेल्यांनी निकाल द्यायचा.

पहिल्याच रविवारी स्वप्नाताई स्वतःविरुद्ध इतकं भारी बोलली, की तिचे बाराच्या बारा घोडेस्वार मेले!

"ताई, तू वकील का नाही झालीस?" मेल्विननं विचारलं.

"अशिलांची दया आली रे!"

*

मेल्विनच्या आईला आम्ही मावशी म्हणतो. तिची मांजर एकदा रणांगणाच्या मधोमध येऊन झोपली. उचलायला जावं तर नखं काढते.

दादानं पुस्तक उघडलं. "जे हलत नाही, ते जमिनीत धरायचं. मांजर आता टेकडी!"

मेल्विन खूश. त्यानं सगळे तिरंदाज टेकडीमागे लपवले. पाच मिनिटांनी टेकडी उठली, तिनं आळस दिला आणि ती घरात निघून गेली. तिरंदाज उघड्यावर!

"हा भूकंप आहे! भूकंपाचा नियम काढा!" मेल्विन ओरडायला लागला.

तेवढ्यात आतून मावशी ओरडली, "अरे मेल्विन, तुझ्या टेकडीनं माझा बोंबील पळवला!"

*

मी आठवीत शाळा सोडली. इंग्रजी वाचता येत नाही. दादा नियम वाचून दाखवायचा, मी पाठ करायचो.

एकदा मुंबईला स्पर्धेत समोरचा पोरगा मला म्हणाला, "हा रूल कुठे लिहिलाय, दाखव."

मी छाती काढून सांगितलं, "चहाच्या डागाखाली, तिसरी ओळ."

त्यानं स्वतःचं कोरं करकरीत पुस्तक चाळलं. "डाग कुठाय?"

माझं डोकंच फिरलं. "अर्धवट पुस्तक घेऊन खेळायला येतो काय रे!"

मागच्या टेबलावर दादा इतका हसला, की त्याच्या चालीची वेळ संपून गेली.

*

दवाखान्यात दादाला सलाईन लावलेलं. पलंगाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला स्वप्नाताई. वाद असा: घोडा मेला, तर खाली पडलेला स्वार पायदळात धरायचा का? आवाज चढले. नर्स धावत आली.

"काय झालं? कोण गेलं?"

"घोडा," दादा म्हणाला.

सिस्टरनी कपाळाला हात लावला. पण सगळं ऐकून घेतलं, सलाईन तपासलं आणि म्हणाल्या, "पडलेला माणूस आपल्या पायावर उभा राहतोय ना? मग चालू दे की त्याला!"

दादाचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. तरी बोट वर करून म्हणाला, "सिस्टरचा नियम. पुस्तकात लिही, येड्या!"

मी लिहिला, मराठीत. त्या पुस्तकातलं मला तेवढंच वाचता येतं.

*

गेल्या रविवारी आम्ही मच्छरदाणी काढली.

दादाच्या जागी मी खेळायला बसलो आणि तासाभरात त्याची फौज पार धुळीला मिळवली. एकच शिपाई उरला. मेल्विननं त्याच्यावर तोफ डागली, माझे फासे वाईट पडले आणि तो घाबरून पळत सुटला. मी टेपनं अंतर मोजलं. गडी पळत पळत थेट मेल्विनच्या झेंड्याला जाऊन टेकला! आणि चाल संपताना ज्याचा माणूस समोरच्याच्या झेंड्याला टेकलेला, त्यानं झेंडा राखला आणि डाव जिंकला.

पण दुसऱ्या पानावर लिहिलंय, पळालेल्या शिपायाला सावरेपर्यंत काही करता येत नाही. मग झेंडा राखणं हे 'करणं' झालं का?

फायदा दादाचा. म्हणजे मी उलट बोलायचं, मेल्विननं दादाच्या बाजूनं.

मेल्विन उभा राहिला. "राखतो. टेकलाय ना? मग राखतो."

"पटलं," स्वप्नाताई लगेच म्हणाली. "नितीन जिंकला."

दोघंही माझ्याकडे बघेनात.

"अरे, माझं कोणी ऐकलंच नाही!" मी म्हणालो.

"बस ना रे," मेल्विन म्हणाला. "झालं ना आता."

"बसतो काय! मला बोलायचंय." आणि मी बोललो. "पळालेला माणूस झेंडा राखत नाही. तो झेंड्यापाशी दम खात असतो!"

मग स्वप्नाताईला हसू फुटलं. मेल्विन हसता हसता खुर्चीवरून घसरला. डोळे पुसत ताई म्हणाली, "हरलास रे, बाळा."

मी दादाचा शिपाई झेंड्यापासून उचलला, मेल्विनच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटवली.