घासायची नसलेली भांडी

लग्नानंतरच्या एकतीस वर्षांत मी पहिल्यांदाच भांडी घासली, आणि त्यात माझ्या मुलीचं प्रदर्शन जवळजवळ बुडालं.

नोकरीमुळे आम्ही हिंदी मुलखात स्थिरावलो; तेलीबागेतल्या घरात आम्ही तिघं. मी निवृत्त रसायनशास्त्रज्ञ, बायको सुनंदा आणि मुलगी ऋचा. ऋचा घरातल्या रोजच्या वस्तू मांडून समाजाला प्रश्न विचारते. (मागे तिनं चपला मांडल्या, तेव्हा मी आठवडाभर सुनंदाच्या स्लिपर घालून बाजारात गेलो होतो.) नव्या प्रदर्शनाबद्दल तिनं मला दोनदा सांगितलं होतं म्हणे. दोन्ही वेळा मी पेपरातून डोकं न काढता "अच्छा, अच्छा" म्हणालो होतो.

त्या दिवशी मायलेकी आलमबागला गेल्या होत्या. चहासाठी पातेलं शोधत मागच्या व्हरांड्यात गेलो, तर तिथे करपलेल्या, उतू गेलेल्या चौदा भांड्यांचा ढीग! सुनंदाची पाठ दुखत होती. मला एकदम भरून आलं. दोन वेळच्या स्वयंपाकात चौदा भांडी पडतात की नाही, हे मला ठाऊक असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.

मी शास्त्रीय पद्धतीनं सुरुवात केली. आधी सोडा, मग व्हिनेगर, मग चिंच. कशालाच दाद न देणाऱ्या एका कढईपुढे शास्त्र संपलं आणि तारेची घासणी आली. चार तास लागले. थर निघाले तसं प्रत्येक भांड्याच्या काठाखाली माझं नाव दिसू लागलं. नवं भांडं घेतलं की दुकानातच नाव कोरून घ्यायचं, हा माझाच आग्रह. शेजारी गेलेलं भांडं परत यावं म्हणून! तेव्हा मी कौतुकानं प्रत्येक नावावरून बोट फिरवलं. भांडी उंचीप्रमाणे पालथी मांडली आणि शाबासकीची वाट पाहत बसलो.

मायलेकी टेम्पो घेऊनच आल्या. भांडी पाहून ऋचा पायरीवर बसली.

"पापा, ये धोने नहीं थे," ती म्हणाली. "यही तो काम था मेरा."

वर्षभर आईच्या स्वयंपाकघरातलं एकेक करपलेलं भांडं तिनं जपून ठेवलं होतं. घरातली बाई रोज जे घासून पुसून टाकते, ते काम कुणाला दिसतच नाही. ते एकदा दिसावं म्हणून. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. तिचं वर्षभराचं काम मी चार तासांत नळाखाली सोडून दिलं होतं, आणि वर शाबासकी मागत होतो. मला खरंच लाज वाटली.

सुनंदा मात्र एक पातेलं हातात घेऊन काठ न्याहाळत होती.

"एवढी वर्षं मी रांधलं, मीच घासलं," ती शांतपणे म्हणाली. "आणि चौदाच्या चौदांवर नाव तुमचं."

ऋचानं मान वर केली. मग उठून एकेक भांडं फिरवून माझं नाव समोर आणलं. टेम्पोवाल्या भैयाला म्हणाली, "चलिए, चढ़ा दीजिए."

प्रदर्शनात लखलखीत चौदा भांडी होती आणि खाली पाटी: 'मेहनत आईची, नाव पापांचं.' लोक भांड्यावरचं नाव वाचत आणि मग मला शोधत. मी खांबामागे उभा होतो.

तेव्हापासून दूध तापवायचं पातेलं रोज मीच घासतो, पण चार तासांऐवजी चार मिनिटांत. परवा ते नाहीसं झालं. ऋचाला विचारलं, तर म्हणाली, नव्या प्रदर्शनासाठी नेलंय. तिला तळाशी करपलेलं एक भांडं हवं होतं. मी म्हणालो, अगं, ते तर मी सकाळीच घासून ठेवलं होतं.

"हाँ पापा," ती म्हणाली, "इसीलिए तो लिया."