डालीतला हिरवा खण

साहेबाच्या बड्या दिनाला, म्हणजे नाताळाला, गावच्या पाटलानं डाली पाठवायची, असा तेव्हा रिवाज होता. डाली म्हणजे फळाफुलांनी भरलेली टोपली. सण साहेबाचा आणि धावपळ आमच्या घरी, कारण पाटील माझे वडील. दौऱ्यावरचा साहेब शिरपूरजवळच्या आमराईत तंबू ठोकून उतरला, की आमच्या ओसरीवर संत्री, पेरू, बोरं यांचा ढीग पडे. साहेब फळं-फुलं तेवढी ठेवून घेई. बाकी काही दिलेलं त्याला खपत नसे. हे वडिलांना ठाऊक होतं, मला नव्हतं.

मी बारा वर्षांची, म्हणजे स्वतःला फार शहाणी समजायच्या वयाची. आदल्या दिवशी साहेबाची मडम गाव बघत आमच्या अंगणात येऊन गेली होती. आई न्हाणीत होती. घरी आलेली बाई ओटी न भरता गेली, हे माझ्या मनाला लागून राहिलं. म्हणून डालीत संत्र्यांखाली मी नारळ, मूठभर तांदूळ आणि एक हिरवा खण सरकवला. तो खण आईच्या माहेराहून आला होता, तिच्याच सातव्या महिन्याच्या ओटीसाठी. माझ्या पाठची दोन गेली होती. या तिसऱ्यासाठी सगळ्या घराचा जीव टांगणीला लागलेला. पण घरात त्याच्याइतकं चांगलं दुसरं कापड नव्हतं, आणि मला तोच सुचला.

संध्याकाळी साहेबाचा शिपाई खण-नारळ घेऊन परत आला. "फळं ठेवली साहेबानं. पर हे काहून देल्लं? रिश्वत समजून लय भडकले ना ते."

वडिलांचं तोंड उतरलं. पाटीलकी जाते की काय, ही धास्ती. ते घरात येऊन ओरडले, "कोनं ठेवलं हे?"

"म्याच ठेवलं," आई म्हणाली. "बाईमानूस होती, रिकामी कशी जाऊ द्याची?"

मी तिच्या मागेच उभी होते. तिनं वळूनही पाहिलं नाही.

पाटीलकी राहिली. पण आत्यानं कपाळावर हात मारला. "पोटुशी बाई सोताची ओटी घराभाईर देते, अन् ते बी वापस येते! आता कसं होईन व?"

फाल्गुनात मुलगा झाला आणि नवव्या दिवशी गेला. वडिलांनी आईशी बोलणंच टाकलं. विहिरीवर बायका तिला पाहून गप्प होत. खणानं पोरं मरत नाहीत, हे आज मला कळतं. तेव्हा मात्र भावाला मीच खाल्लं, अशी माझी खात्री होती. मी एकदा आईला म्हटलं, "मी सांगतो बाबाले."

"चूप राय. तुले लोकाच्या घरी नांदाले जाचं हाय."

सहा वर्षांनी माझी स्वतःची ओटी भरायची होती. माहेरीच कार्यक्रम, सासू समोर बसलेली. आई खण-नारळाचं ताट घेऊन पुढे आली, तर आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "हिच्या मायले हात लावू देऊ नका."

आईनं ताट खाली ठेवलं आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी फक्त तोंड उघडायचा अवकाश होता. पण सासू समोर होती, पोटात पोर होतं, आणि मला भीती वाटली.

आत्यानं ताट उचललं, आणि मी ओटी घ्यायला तिच्यापुढे पदर पसरला.