गाडी बंद पडली नाही, मी बंद केली

दसऱ्याच्या दुपारी श्रीखंडाची दुसरी वाटी संपवून माझा मुलगा अनिकेत म्हणाला, "आई, ती गाडी आता विक. मी गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलंय."

माझ्या घरात बसून, मी केलेलं श्रीखंड खाऊन, माझ्याच गाडीला गिऱ्हाईक!

ती गाडी म्हणजे माझी जर्मन गाडी. सतरा वर्षांची, सहा सिलिंडरची, रंगाने गडद निळी. अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात जन्म घालवला. निवृत्त झाल्यावर सिन्नरच्या एका कारखानदाराकडून ही घेतली. तो सर्व्हिसिंगच्या बिलांना कंटाळला होता आणि मी घरी बसायला. माझ्या वयाच्या बायकांनी भजनी मंडळात जावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा ब्लॉग इथेच बंद करावा.

अनिकेतचं म्हणणं, जुन्या जर्मन गाडीवर भरवसा ठेवता येत नाही. शेवटी अट ठरली. दोन दिवस भंडारदऱ्याला जाऊन यायचं. गाडी रस्त्यात बंद पडली तर विकायची. नाही पडली तर त्याने हा विषय पुन्हा काढायचा नाही. मी लगेच हो म्हटलं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सिस्टर शिकवायच्या की शब्द देण्याआधी विचार करावा. तेवढा एकच धडा माझा कच्चा राहिला.

बरोबर शालूताई आल्या. माझ्या दिवंगत नवऱ्याची ही थोरली बहीण. निफाडला त्यांची द्राक्षबाग आहे, आणि आवाज असा की बागेच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाचे पक्षी उडतात. दसऱ्याला गाडीची पूजा त्यांनीच केली होती. हळद, कुंकू, आणि पुढच्या जाळीवर मनगटाएवढा जाड झेंडूचा हार.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो आणि द्वारका चौकात गाडी किंचाळायला लागली. पीं पीं पीं पीं! पुढे काही अडथळा आला की वाजणारे सेन्सर आहेत तिला. वेग कमी झाला की हलणारा हार त्यांना अडथळा वाटायचा. प्रत्येक सिग्नलला पीं पीं, प्रत्येक गतिरोधकाला पीं पीं. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "काकू, कुकर लावलाय काय?"

"शालूताई, हार काढूया."

"वहिनी, पूजेचा हार हाय. सुकून निर्माल्य झाल्याशिवाय काढत नसतात."

"तोवर आपलं निर्माल्य होईल."

"मग होऊ द्या."

सिन्नरला चहा आणि मिसळीसाठी थांबलो. (मिसळ झणझणीत, पाव ताजे, दोघींचं मिळून दोनशेच्या आत भागलं. स्वच्छतागृहाबद्दल लिहीत नाही, तुमचाही दिवस चांगला जावो.) मी हात धुऊन येईपर्यंत शालूताईंनी तोडगा काढला होता. हार सोडून, दुमडून त्यांनी खालच्या जाळीच्या फटींतून आत खोचून टाकला होता. गाडी सुरू केली. आवाज बंद. मी त्यांना शाबासकी दिली. हे वाक्य लक्षात ठेवा, मला पुढे फार टोचलं.

सिन्नर ते अकोले रस्ता मधूनमधून चांगला आहे. मधूनमधून म्हणजे काय, हे ज्यांच्या गाडीचं पोट जमिनीपासून वीतभर उंच असतं त्यांनाच कळतं. ठिकठिकाणी गतिरोधक आहेत आणि एकालाही रंग नाही. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर गतिरोधकावर ती तिरकी घाला, एकेक चाक चढवा, आणि मागचा ट्रकवाला काय म्हणतो ते ऐकू नका. मोकळा पट्टा मिळाला की मात्र सगळं माफ. पाय जरासा दाबला की आधी इंजिनचा खर्ज, मग पाठीला सीटचा हळूच धक्का. शालूताई डॅशबोर्डला धरून ओरडल्या, "अगं बाई! विमान हाय का काय!" आणि लगेच, "पुन्हा करा की."

अकोल्यानंतर राजूरकडे जाताना विठा घाट लागतो. आमच्या पुढे कडब्याने भरलेला ट्रक होता, वळणांमुळे ओलांडता येईना. ऊन कडक, एसी चालू, वेग बैलगाडीचा. तेवढ्यात तापमानाचा काटा मधली जागा सोडून उजवीकडे सरकायला लागला. मी एसी बंद केला, हीटर चालू केला. (हसू नका, इंजिनची उष्णता तेवढीच आत येते.) काटा थांबेना. कडेला रुंद जागा दिसली, तिथे गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं.

बॉनेट उघडलं, आणि अर्ध्या मिनिटात सल्लागार मंडळ जमलं. मागच्या प्रवासी भरलेल्या वडाप जीपमधून तिघे उतरले.

"मॅडम, साहेब कुठेत?"

"साहेब मीच आहे."

"ह्या गाड्या आपल्या रोडला चालत नाय, मावशी. हेड गेलं असंल."

"हेड नाय रे, सेन्सर. आता लॅपटॉप लावावा लागतो."

तिसरा फडकं घेऊन रेडिएटरच्या टाकीचं झाकण उघडायला वाकला.

"हात लावाल तर हात भाजेल!" मी ओरडले. "गरम असताना ते उघडायचं नसतं. तुमच्या जीपचं तुम्ही उघडता का?"

"आमच्या जीपला झाकणच नाय, मावशी. चिंधी हाय."

हसू येत होतं आणि रडूही. जीपचा ड्रायव्हर म्हणाला, राजूरहून टोइंगची गाडी बोलावतो, भाऊच आहे आपला. म्हणजे संपलंच. निळी गाडी दोरी बांधून ओढत नेताहेत आणि अनिकेत फाटकाशी हाताची घडी घालून उभा आहे, असं मला दिसायला लागलं.

"जरा थांबा," मी म्हटलं, "आणि सगळे जरा गप्प बसा."

कारण मला एक आवाज ऐकू येत नव्हता. माझ्या गाडीला रेडिएटरच्या पुढेही एक विजेचा पंखा आहे. गाडी तापलेली असेल तर ती बंद केल्यावरही तो काही वेळ घोंघावत राहतो. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्याबद्दल एकदा तक्रारही केली होती. आज तो मुका होता. मी साडी खोचून गुडघ्यावर बसले आणि मोबाइलच्या उजेडात जाळीतून आत पाहिलं. पंख्याच्या आसाभोवती हाराचा दोरा करकचून गुंडाळलेला, आणि पात्यांमध्ये एक केशरी झेंडू, टवटवीत, माझ्याकडे बघत.

"शालूताई!"

त्या खाली वाकल्या. बघितलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बागेच्या अर्ध्यापर्यंतसुद्धा गेला नसता. "वहिनी, मी आपलं... तो पींपीं आवाज बंद व्हावा म्हणून..."

"झाला ना बंद. सगळंच बंद झालं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अनिकेत! आणि शालूताई खोटं बोलत नाहीत, हे आमच्या सगळ्या घराण्याला माहीत आहे. मी हातवारे केले. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "काय नाय रे, घाटात थांबलोय. निर्माल्य काढतोय." फोन ठेवला. जीपवाले खो खो हसायला लागले.

इंजिन निवेपर्यंत थांबलो. मग शालूताईंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि पाऊण हात आत घालून दोरा उकलला, फुलं एकेक करून बाहेर काढली, प्रत्येकाला नमस्कार करून. अडकलेल्या पंख्याने आपला फ्यूज उडवला होता. सुटे फ्यूज मी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवते, ते तुम्हीही ठेवा. नवा बसवला, गाडी सुरू केली, एसी लावला. घोंऽऽ! माझ्या आयुष्यातलं सर्वांत सुरेल घोंघावणं. जीपमधल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. "साहेब, मानलं तुम्हाला," चिंधीवाला म्हणाला.

भंडारदऱ्याला धरण काठोकाठ भरलेलं होतं आणि कडेने सोनकीची पिवळी फुलं. सुट्टीत खोल्यांचे भाव दुप्पट होतात, आधी फोन करून घासाघीस करा. मी केली. जेवायला नाचणीची भाकरी, पिठलं आणि असा ठेचा की शालूताईसुद्धा गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी घोटीमार्गे परत आलो. बारीच्या आसपास कळसूबाईच्या माथ्यावर ढग बसला होता आणि खाली भात पिवळा पडायला लागला होता. घोटीनंतर महामार्ग. तिथे काय वेगाने आलो ते लिहीत नाही, अनिकेत हे वाचतो.

घरी जेवणाच्या टेबलावर शालूताईंनी सगळं सांगून टाकलं. अनिकेतने चमचा खाली ठेवला.

"म्हणजे बंद पडली!"

"पडली नाही. मी केली."

"आई, शब्दांचा खेळ करू नकोस."

"खेळ कसला? मराठी आहे. पडणं वेगळं, करणं वेगळं. पडली असती तर तिचा दोष. तिच्या नाकात हार कोंबला तर ती काय करणार? तुझ्या नाकात कोंबून बघू?"

"कोंबणारी मी, गाडी बिचारी निर्दोष," शालूताई म्हणाल्या. "विकायचंच तर गाडी नको, मला विका."

तो हसला, पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गिऱ्हाईक. अनिकेतने स्पीकर लावला आणि फोन माझ्यापुढे धरला. "तूच बोल. पण सगळं खरं सांगायचं."

मग मी खरं सांगितलं. पावसाळ्यात डावी मागची काच खाली जाते ती मनात आलं तरच वर येते. इंजिनखाली तेलाचा ठिपका पडतो, पुसला की पुन्हा पडतो. पाण्याचे प्लॅस्टिकचे पाइप वयाबरोबर कडक होतात, ते फुटायची वाट न बघता बदलावे लागतात. वॉशिंग सेंटरवाल्याने खालून डिझेल मारलं की रबरं कुजतात, म्हणून त्याच्या डोक्यावर उभं राहावं लागतं. भाग मुंबईहून येतात आणि आले की बरेचदा दुसऱ्याच गाडीचे असतात. अनिकेत प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता.

मग पलीकडून एक तरुण आवाज म्हणाला, "मावशी, तरीपण मला हवीये."

"मलाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.