रंगाच्या हातांनी वाचवलेलं क्रेडिट कार्ड

मंडळी, आजच घडलंय, म्हणून लगेच लिहितेय.

दुपारी हमरापूरच्या आमच्या कारखान्यात मी गणपती रंगवत होते. दोन्ही हात रंगाने भरलेले, म्हणून आलेला फोन मोठ्या जाऊबाईंनी स्पीकरवर लावून दिला.

"मॅडम, बँकेतून बोलतोय. तुमच्या क्रेडिट कार्डावर कुणीतरी मोठी खरेदी करतंय. थांबवायची असेल तर आत्ता आलेला ओटीपी सांगा."

त्याला माझं पूर्ण नाव माहीत होतं. मी घाबरलेच. म्हटलं, "ताई, मेसेज वाचा पटकन!"

ताई मेसेज पहिल्यापासून मनातल्या मनात वाचायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. "अगो, यात तर लिवलंय, ओटीपी कुणाला सांगू नका. मग हा कशाला इचारतोय?"

तो माणूस ओरडायलाच लागला, "वेळ घालवू नका, पैसे जातील!" ताईंनी सरळ फोन कट केला.

हात धुऊन मी कार्डामागे छापलेल्या बँकेच्या नंबरवर फोन केला आणि कार्ड बंद करून घेतलं. एक रुपयाही गेला नव्हता. मला रडूच कोसळलं.

"रडतेस काय गो, वाचलीस ना!" म्हणत ताईंनी चहा ठेवला.

तुमच्या घरात अशा फोनला पटकन घाबरणारं कोण आहे? आज जेवताना त्यांना एवढं सांगाल का, की ओटीपी मागणारा फोन आधी कट करायचा?