आसारामची पेटी आणि खंडेनवमी

आसाराम एस.टी.त कंडक्टर. तिसगावात त्याचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर उभं राहिलं आणि नगरहून त्यानं घरात पहिली वस्तू आणली ती अवजारांची पेटी. हातोडी, पक्कड, करवत, पेचकस, पटाशी. "सोताचं घर म्हणलं की खिळा-मोळा आलाच," असं तो उतारूंना तिकिटाबरोबर ऐकवायचा. पेटीला कुलूप, किल्ली करगोट्याला. बायकोला, केशरबाईला, पेटीला बोट लावायची बंदी.

त्यानं ठोकलेली खुंटी पहिल्या दिवशी टोपीच्या वजनानंही मान टाकायची. पण तो मुक्कामी गाडी करून परत यावा, तर खुंटी अशी घट्ट की तिला बैल बांधावा! "लाकूड मुरतं," हे त्याचं शास्त्र.

एकाहत्तर सालच्या खंडेनवमीला सकाळी त्यानं दाराला आतून नवा बोल्ट बसवला, मग सगळी अवजारं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, आणि शेजाऱ्यांना प्रसादाला बोलवायला निघाला. पाठोपाठ शेजारच्या झुंबरबाईची शेळी झेंडूवर डोळा ठेवून आत शिरली. केशरबाईनं तिला हुसकलं, दार लावलं, बोल्ट सरकवला. सरकला तो बसलाच.

"अवो, दार उघडंना!"

हाक ऐकून आसाराम अर्ध्या वाटेतनं माघारी पळत आला. चुलीवर पुरण, बायको आत, अवजारं आत, आणि नवा घरमालक बाहेर! तो धावत भिमाजी सुताराकडं गेला. म्हातारा हात जोडून म्हणाला, "अवजारं पुजली बाबा. आता उद्यापतूर हात न्हाई." शेजारच्या कानिफनाथची पहार? पुजलेली. कुऱ्हाडी? पुजलेल्या. सबंध तिसगावात त्या दिवशी मोकळं लोखंड म्हणून सापडेना. भिमाजी, कानिफनाथ, सगळे रिकाम्या हातांनीच आसारामच्या दारापाशी जमले.

"खांदे तर पुजले न्हाईत? धडका देऊ," कानिफनाथ बाह्या सारत म्हणाला.

"बाभळीचं नवं दार हाय रं!" आसाराम कळवळला. तेवढ्यात पुरण लागल्याचा वास आला. दार की बायको? त्यानं डोळे मिटले. "मार धडक."

"थांबा!" आतून केशरबाई ओरडली.

सगळ्यांनी खिडकीच्या गजांना डोकी लावली. केशरबाईनं आधी चुलीतली लाकडं ओढली, मग पाटावरच्या अवजारांना नमस्कार करून पक्कड उचलली.

"अगं, आज अवजाराला हात?" भिमाजी हादरला.

"घरची बाई कोंडून अवजारं कसला सण करत्यात, मामा?" ती बोल्टापाशी वाकली. "आन ह्यांनी स्क्रू हातोडीनं ठोकल्यात. पिळून न्हाई निघायचे, उपटावंच लागत्याल. नेहमीचंच हाय."

"नेहमीचंच?" आसारामचा जबडा खाली आला.

"मग खुंट्या काय देवानं बसवल्या? तुमी मुक्कामाला गेलं की मी बसवते."

"पर किल्ली तर माझ्या करगोट्याला!"

"किल्ली कशाला? पेटीच्या बिजागऱ्या भायेरनं हायत. उलथन्याच्या टोकानं दोन स्क्रू काढलं की झाकन मागून उघडतं."

भिमाजी सुतार भिंतीला टेकून खालीच बसला. चाळीस वर्षं पेट्या करत होता, हे त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं.

चार स्क्रू टपटप पडले, बोल्ट निखळला, दार उघडलं. केशरबाईच्या हाताला कुंकू, पकडीला कुंकू. आसाराम उंबऱ्यातच पाय रोवून पकडीकडं बघत राहिला. शेळी मात्र त्याच्या पायांमधून आत गेली आणि झेंडू खाऊ लागली.

दुसऱ्या दिवशी दसरा. त्यानं केशरबाईच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि पानावर, करगोट्यापासून सोडवलेली किल्ली.

ती हसली. पान ठेवून घेतलं, किल्ली परत दिली.

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच. मला कुठं लागती?"