याच्या मुळाशी नायट्रिक

नॉटिंगहॅमचे आमचे काका कुठल्याही विषयावर आधी बोट वर करत आणि म्हणत, "याच्या मुळाशी नायट्रिक आहे." दागिन्यांचा विषय निघाला की सोन्याचा कस, शेतीचा निघाला की खत, आणि कुठलाच निघाला नाही की पहिलं महायुद्ध. नाकेबंदीमुळे तोफांच्या दारूला लागणारा चिलीचा सोरा मिळेना, तेव्हा जर्मनांनी चक्क हवेपासून नायट्रिक अ‍ॅसिड बनवलं आणि तोफा चालू ठेवल्या, हे त्यांनी माझ्या मुलीच्या बर्थडेला सांगितलं. केक तोवर थांबला होता. तुमच्याही ओळखीत असे एक काका असतीलच.

विदर्भातल्या दारूगोळा कारखान्यात केमिस्ट म्हणून रिटायर होऊन ते मुलीकडे राहायला आले होते. मुलगी इथे डॉक्टर. ती लोकांना सांगायची, बाबा फर्टिलायझरमध्ये होते. काका तेवढ्यापुरते गप्प बसत.

शहराबाहेर एका जुन्या दारूगोळा कारखान्याचं म्युझियम झालं, तिथे ते रविवारी गाइड म्हणून जाऊ लागले. मी त्यांना गाडीने सोडायचो. मॅनेजरबाईंनी त्यांना फार प्रेमाने समजावलं होतं की 'बॉम्ब' म्हणायचं नाही, 'एनर्जेटिक मटेरियल्स' म्हणायचं. माणसं मेल्याचं तर काढायचंच नाही, फॅमिलीज येतात. गिफ्ट शॉपमध्ये हातबॉम्बच्या आकाराची चॉकलेटं होती. ती फॅमिलीजना चालत.

एकदा एक म्हातारी इंग्रज बाई अ‍ॅसिडच्या शेडमध्ये थांबली. तिची आई दुसऱ्या महायुद्धात इथेच कामाला होती, पण घरी रंगाची फॅक्टरी म्हणून सांगायची. इथे नक्की काय बनायचं, असं तिने काकांना विचारलं. मॅनेजरबाई शेजारीच उभ्या होत्या.

"तोफगोळ्यांत भरायची दारू," काका म्हणाले. "त्यासाठी लागणारं नायट्रिक या शेडमध्ये. त्याच्या वाफांनी कामगारांचे दात जायचे."

बाई म्हणाली, "आई कधी तोंड उघडून हसली नाही. आम्हाला वाटायचं, तिचा स्वभावच तसा."

काकांनी तिच्यासाठी खुर्ची आणली आणि शेजारी उभे राहिले. इतका वेळ गप्प राहिलेले काका मी पहिल्यांदाच पाहिले.

पुढच्याच आठवड्यात म्युझियमने त्यांचे मनापासून आभार मानले, चॉकलेटांचा डबा दिला आणि त्यांच्या जागी माहिती सांगणारे हेडफोन आणले.

काका यंदा मार्चमध्ये गेले. क्रिमेटोरियममध्ये आम्ही मंडळी जमलो होतो, तेवढ्यात ती बाई आत आली. म्युझियममधून कळलं म्हणाली. बाबांना तुम्ही कशा ओळखता, असं काकांच्या मुलीने विचारलं.

"माझी आई कुठे कामाला होती, ते त्यांनी मला सांगितलं."

मुलगी पुढच्या बाकावर थोडी सरकली आणि तिने बाईला शेजारी बसवून घेतलं.